चमचाभर साखरेवर चालणारा मेंदू

उपाशीपोटी तुमच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि दर शंभर मिलिलिटरमागे नव्वद-शंभर मिलिग्रॅम ग्लुकोज. एवढ्याशा साखरेवर मेंदू रात्रंदिवस चालतो. वजनाने तो शरीराच्या फक्त २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दिवसाकाठी त्याला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. चमचा रिकामा होत जातो आणि शरीर तो सतत भरत राहतं.

नेमका इथेच गैरसमज होतो. मेंदूला ग्लुकोज लागतं म्हणून गोड खाल्लं की डोकं चालतं, असं आपण मुलांना सांगतो. परीक्षेच्या दिवसांत ग्लुकोजची पावडर ढवळून देतो. पण मेंदूला ग्लुकोज लागतं, डब्यातली साखर लागत नाही. पोळी, भात, वरण, भाकरी, पोहे, बटाटा, या सगळ्यांतलं पिष्ट पचून शेवटी ग्लुकोजच होतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात यकृत स्वतःच्या साठ्यातून थोडं थोडं ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो. म्हणून रात्रीचं जेवण आठला झालं आणि सकाळी सातला उठलात तरी रक्तातला चमचा भरलेलाच असतो. साखरेचा डबा आयुष्यात कधी उघडला नाही तरी निरोगी माणसाच्या मेंदूची उपासमार होत नाही. (परीक्षेला निघताना हातावर ठेवलेली चमचाभर दही-साखर मात्र खुशाल ठेवावी. तिने नुकसान काहीच नाही आणि आजीच्या हातची असेल तर मुलाला धीरही येतो.)

अडचण उलट्या बाजूने येते. २५० मिलिलिटर कोलात २६ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तेवढ्याच उसाच्या रसात तीसहून जास्त. ग्लास दोन मिनिटांत संपतो. ज्या रक्तात एक चमचा साखर सांभाळायची, त्यात पाच-सहा चमचे येऊन पडतात. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, स्नायू आणि यकृत ही साखर आत ओढून घेतात आणि दीड-दोन तासांत सगळं जागेवर येतं. कधीतरी झालं तर शरीर हे सहज निस्तरतं. दिवसातून पाच वेळा, वर्षानुवर्षं झालं की मात्र निस्तरण्याची किंमत रक्तवाहिन्या आणि मेंदू भरू लागतात.

नुकसान मेंदूपर्यंत पोचतं कसं

सर्वांत खात्रीची वाट रक्तवाहिन्यांची आहे. मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर सहाशे किलोमीटरच्या घरात जातील. इंदूरहून निघालात तर मुंबईला पोचाल, एवढ्या. प्रत्येक पेशीला ग्लुकोज आणि प्राणवायू याच नळ्यांतून मिळतो.

मावा भाजताना त्याला तांबूस रंग चढतो तो कशामुळे? दुधातली साखर आणि दुधातली प्रथिनं उष्णतेने एकमेकांना चिकटतात आणि त्यातून रंग-वास तयार होतो. तीच क्रिया आपल्या अंगात, चुलीच्या आचेऐवजी ३७ अंशांवर, फार सावकाश चालू असते. रक्तात साखर जितकी जास्त आणि जितका वेळ जास्त, तितकी ती प्रथिनांना अधिक चिकटते. एचबीए१सी ही तपासणी मोजते ते हेच: तांबड्या पेशींमधल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. हिमोग्लोबिनला चिकटणारी साखर वाहिन्यांच्या भिंतींनाही चिकटतेच. त्या भिंती ताठर होतात, त्यांचं आतलं अस्तर सुजतं, गरज पडेल तेव्हा रुंदावायची त्यांची ताकद कमी होते. मेंदूचा जो भाग काम करत असतो त्याच्याकडे रक्त वाढवावं लागतं, आणि तिथेच ही वाहिनी कमी पडते.

मधुमेह असलेल्यांना डॉक्टर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायला पाठवतात ते टाळू नये. गर्भात डोळ्याचा पडदा मेंदूतूनच तयार होतो आणि त्याच्या वाहिन्या मेंदूतल्या वाहिन्यांसारख्याच असतात. त्या डोळ्याच्या आत थेट बघता येतात. तिथे बारीक रक्तस्राव किंवा गळती दिसली तर मेंदूच्या बारीक वाहिन्यांची स्थितीही वेगळी असण्याची शक्यता कमी.

दुसरी वाट इन्सुलिनची. मेंदूच्या पेशी बहुतेक ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीशिवायच आत घेतात, त्यामुळे पूर्वी मेंदूचा आणि इन्सुलिनचा संबंध नाही असं मानत. तसं नाही. आठवणी साठवण्याचं पहिलं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात इन्सुलिनला ओळखणाऱ्या जागा भरपूर आहेत. तिथे इन्सुलिन निरोप्याचं काम करतं, पेशींमधले जोड पक्के व्हायला मदत करतं. सतत गोड, वाढलेलं पोट आणि बैठं काम यांमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. वर्षानुवर्षं रक्तात ते चढं राहिलं की मेंदूत उलट कमी पोचतं आणि पोचलेल्याचा परिणामही कमी होतो. आणखी एक दुवा शास्त्रज्ञ तपासत आहेत. जे विकर (एन्झाइम) इन्सुलिनचे तुकडे करतं तेच अमायलॉइड या प्रथिनाचेही तुकडे करतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं ते हेच प्रथिन. विकर इन्सुलिनच्या कामात गुंतून राहिलं तर अमायलॉइडची साफसफाई मागे पडत असावी, असा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे.

साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. हा दुसरा अर्धा बहुतांशी यकृतात जातो. जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते. यकृत चरबीने भरतं, रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते आणि इन्सुलिनला दाद न देण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. वजन फारसं नसलेल्या, पण पोट सुटलेल्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांची सोनोग्राफी करताना 'फॅटी लिव्हर' निघतं, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

उरलं ते जिभेचं आणि इच्छेचं. गोड लागलं की मेंदूत डोपामिन हे सुखाची नोंद करणारं रसायन सुटतं आणि 'पुन्हा' अशी नोंद होते. याला दारू-तंबाखूसारखं व्यसन म्हणावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि तो शब्द सरसकट वापरू नये. पण सवयीने गोडाची पट्टी चढत जाते, हे कोणत्याही घरात दिसेल. दोन चमच्यांचा चहा ज्याला रोजचा, त्याला एक चमच्याचा बेचव लागतो. चांगली गोष्ट अशी की ही पट्टी उतरतेही. दोन-तीन महिने साखर कमी ठेवली की तोच पदार्थ आधीपेक्षा गोड लागू लागतो.

'गोडाने तरतरी येते' हेही तपासून झालं आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९मध्ये केलेल्या एका विश्लेषणात साखरेने मन प्रसन्न होतं असा पुरावा मिळाला नाही. उलट खाल्ल्यावर तासाभरात थकवा थोडा वाढला आणि सावधपणा थोडा कमी झाला. दुपारी चार वाजता गोड चहा-बिस्किटांनंतर पाचला पुन्हा जांभया येतात त्या यामुळे. मुलं गोड खाऊन धांगडधिंगा घालतात, ही समजूत मात्र चुकीची आहे. १९९५मध्ये असेच अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले आणि साखरेचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दिसला नाही. वाढदिवसाला मुलं उड्या मारतात कारण वाढदिवस असतो. मुलांना गोड कमी द्यायची खरी कारणं दात, यकृत आणि वजन ही आहेत.

अभ्यास काय सांगतात, आणि किती

साखर खाल्ली की स्मृतिभ्रंश होतो, असं सरळ वाक्य कुणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पुरावा असा आहे. मधुमेह झालेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मोजली आणि ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा पुढे ढकलले जातील असा अंदाज दिला. त्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, वाईट कोलेस्टेरॉल आणि व्यायामाचा अभाव आहे. साखर त्यात वेगळी नाही, पण या पाचांपैकी काहींना तिचा हातभार लागतो.

मधुमेह नसलेल्यांचं काय? अमेरिकेत सुमारे दोन हजार ज्येष्ठांवर सरासरी जवळपास सात वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्यातही ज्यांची सरासरी साखर दर शंभर मिलिलिटरमागे ११५ मिलिग्रॅम होती त्यांना १०० असलेल्यांपेक्षा स्मृतिभ्रंशाचा धोका १८ टक्के जास्त होता. याचा अर्थ 'अजून शुगर नाही ना, मग काय' हे म्हणणं पुरेसं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या २०१७च्या अभ्यासात गोड पेयं जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान कमी आणि अलीकडच्या घटना आठवण्याची क्षमता कमी आढळली. हे संबंध आहेत. गोड पेयं पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असतात, त्यामुळे दोष एकट्या साखरेवर टाकता येत नाही. उंदरांमध्ये मात्र साखर आणि चरबी भरपूर दिल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये पेशी टिकवणारं एक प्रथिन कमी होतं आणि ते चक्रव्यूहातली वाट विसरतात, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. अल्झायमरला 'टाइप-३ मधुमेह' म्हणणारे लेख फिरतात. तसं निदान वैद्यकात अधिकृत नाही.

एक नैसर्गिक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून साखरेचं रेशन होतं, ते सप्टेंबर १९५३मध्ये उठलं आणि साखरेचा खप बघता बघता जवळपास दुप्पट झाला. रेशनच्या काळात गर्भात असलेल्या आणि पहिली दोन वर्षं वाढलेल्या मुलांची तुलना रेशन उठल्यावर जन्मलेल्यांशी केली, तेव्हा पुढे मध्यम वयात पहिल्या गटात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. हा अभ्यास २०२४चा. घरात बाळ असेल तर दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, हा सल्ला त्यामुळे आणखी पक्का झाला. आणि बाळगुटी मधात उगाळून देण्याची जी पद्धत आहे ती एक वर्षाच्या आत पूर्ण बंद हवी. तिथे कारण साखर नसून मधातले बोटुलिझम या विषबाधेचे जंतू हे आहे.

इंदुरात साखर शिरते कुठून

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅम ही वरची मर्यादा आणि २५ ग्रॅम ही चांगली. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत.

आपण किती खातो ते पोहे-जलेबीच्या प्लेटवरून ठरवू नका. किराण्याच्या यादीवरून ठरवा. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच किलो साखर येत असेल, तर ५००० ग्रॅम भागिले ४ माणसं भागिले ३० दिवस, म्हणजे माणशी ४१ ग्रॅमच्या वर. गूळ वेगळा. बिस्किटं, टोस्ट, सॉस, बाहेरची मिठाई, थंड पेयं वेगळी. म्हणजे ५० ग्रॅमची रेष घरातच जवळजवळ गाठलेली असते. पाहुण्यांचा चहा वजा करून पाहिला तरी फार फरक पडत नाही.

यातली बहुतेक साखर चहात जाते. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. रविवारची जलेबी सगळ्यांच्या नजरेत भरते, बुधवारचा चौथा चहा कुणाला आठवत नाही. माझ्या मते इंदूरकराने जलेबीपेक्षा चहाकडे आधी बघावं.

तरी पोहे-जलेबीचं गणित सांगायला हवं, कारण इथे ती रोजची न्याहारी आहे. ५० ग्रॅम जलेबीत २० ते २५ ग्रॅम साखर सहज असते. पाक किती घट्ट आणि किती निथळला यावर ती कमी-जास्त होते. इंदुरी पोह्यांत शिजवतानाच साखर पडते, वरून सेव. पोहे स्वतः तांदळाचे, लवकर पचणारे. सोबत गोड चहा. सगळं मिळून प्रथिनं आणि चोथा जवळजवळ नाही, त्यामुळे रक्तातली साखर उंच चढते आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. घरी तेच पोहे मोड आलेले मूग, मटार, शेंगदाणे आणि भरपूर कांदा-कोथिंबीर घालून, पोह्यांचं प्रमाण तेवढं कमी करून केले, सोबत वाटीभर दही ठेवलं, तर तीच न्याहारी वेगळी वागते. लिंबू आणि जिरावण मसाला तसाच राहू द्या, चवीची किल्ली तिथे आहे. जलेबी खायचीच असेल तर पोह्यांच्या आधी नको, नंतर एक वेटोळं, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा.

इंदुरी शिकंजी हा आणखी एक फसवा ग्लास. बाकी हिंदुस्तानात शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी. आपल्याकडची आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची, दाट आणि चांगलीच गोड. तिला पेय समजून जेवणावर पिऊ नये. ती मिठाईच आहे.

घरच्या मराठी पक्वान्नांचं प्रमाण गृहिणीला तोंडपाठ असतं, फक्त त्याचा भागाकार कुणी करत नाही. किलोभर चक्क्याला ८०० ग्रॅम साखर घातली तर श्रीखंडाच्या १०० ग्रॅमच्या वाटीत ४४ ग्रॅम साखर. एका वाटीत दिवसाची वरची मर्यादा संपत आली. पाव किलो डाळीला पाव किलो गूळ घेऊन दहा-बारा पुरणपोळ्या केल्या तर एका पोळीत २० ते २५ ग्रॅम गूळ. गुढीपाडव्याला, होळीला हे खावं, आनंदाने खावं. वर्षातून आठ-दहा दिवसांच्या सणाने मेंदू बिघडत नाही. बिघडवतात ते उरलेले साडेतीनशे दिवस.

इंदूरच्या सराफा बाजाराची अडचण साखरेइतकीच वेळेची आहे. दागिन्यांची दुकानं मिटल्यावर, रात्री दहानंतर, तिथे रबडी, मावाबाटी, मालपुवा, वीतभर जलेबा सुरू होतो. रात्र वाढते तसं शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि इन्सुलिन कमी सुटतं. जी रबडी दुपारी दोनला खाल्ली असती तिने जेवढी साखर चढली असती, त्यापेक्षा रात्री अकराला जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. वर झोप उशिरा आणि अपुरी. एका रात्रीची अपुरी झोपही दुसऱ्या दिवशी शरीराला इन्सुलिनला कमी दाद द्यायला लावते. पाहुणे आले म्हणून सराफ्यात जायचं असेल तर घरचं रात्रीचं जेवण वगळून जा, चौघांत एक रबडी घ्या आणि राजवाड्याभोवती एक फेरी चालून मग गाडी काढा. गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस गोड नसले तरी पिष्टच आहेत, हेही लक्षात असू द्या.

गूळ, मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर यांत मेंदूच्या दृष्टीने फरक नगण्य आहे. खडीसाखर म्हणजे शुद्ध साखरच. गुळात थोडी खनिजं असतात, पण ती पुरेशी मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाऊन फायद्यापेक्षा तोटा मोठा. पाकिटांवर मागच्या बाजूला घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तीनांत असेल तर पदार्थ गोडाचा समजा. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही नावं वेगवेगळी लिहिली की साखर यादीत खाली सरकते, म्हणून पोषणाच्या तक्त्यात 'ॲडेड शुगर'चा आकडा बघा. मुलांच्या दुधात घालायच्या माल्ट पावडरींवर तो आवर्जून बघा.

कमी कशी करावी

एकदम बंद करणारे बरेच जण परत जुन्या सवयीवर जातात, कारण जिभेला पट्टी उतरवायला वेळ मिळत नाही. चहाच्या पातेल्यात सगळ्यांची साखर एकदम घालणं आधी थांबवा. ज्याने त्याने कपात घालावी, म्हणजे मोजता येते. मग दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला दोन महिने लागतात आणि कुठल्याच टप्प्यावर चहा टाकून द्यावासा वाटत नाही. आलं, वेलची, गवती चहा वाढवला की कमी साखर कमी जाणवते. टपरीवर 'भैया, फीकी' म्हटलं की वेगळा उकळून देतात. 'कम मीठी' म्हटलं तर दीड चमच्याच्या खाली क्वचित येते.

गोड पेयं मात्र टप्प्याटप्प्याने नकोत, ती सरळ थांबवावीत. द्रव साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याची खूण देत नाही आणि सर्वांत वेगाने रक्तात जाते. उन्हाळ्यात मठ्ठा, मीठ-लिंबू पाणी, कैरीचं पन्हं हे पर्याय आहेत, पन्ह्यात गूळ मोजून घाला. आंबा चिरून खा, रस काढून साखर घालून वाटीवर वाटी नको. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या हा कायमचा उपाय नाही. वजन ताब्यात ठेवायला त्या वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३मध्ये सांगितलं (मधुमेह झालेल्यांना हा सल्ला लागू नाही), आणि त्या गोळ्यांनी जिभेची पट्टी उतरतच नाही.

जेवताना क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ-वरण, पोळी-भात शेवटी. यामुळे साखर सावकाश चढते. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाललात तर पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाटही फारशी बघावी लागत नाही. जेवून लगेच आडवं होण्याची दुपारची सवय याच्या नेमकी उलट.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कुठे चुकतात

तिशीनंतर वर्षातून एकदा साखर तपासावी. उपाशीपोटी १००च्या आत ठीक, १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ आणि पुढे मधुमेह. एचबीए१सी ५.७च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ आणि पुढे मधुमेह. निदान पक्कं करायला तपासणी दुसऱ्यांदा करतात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मेंदूसाठी काही करायचं तर याच मधल्या पायरीवर, कारण इथून मागे फिरता येतं.

एचबीए१सी दोन ठिकाणी फसवते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, जे आपल्या बायकांमध्ये फार आढळतं, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारातही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरच्या पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघावी.

मधुमेही आई-वडील विसरू लागले तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की विसराळूपणा, पायांना मुंग्या, चिडचिड सुरू होते. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. बी-१२ आणि थायरॉइड या दोन तपासण्या आधी करून घ्या. या दोन्हींमुळे आलेला विसराळूपणा वेळेत सापडला तर बराच भरून निघतो.

साखर हेच औषध असतं तेव्हा

आतापर्यंतचं वाचून घरातल्या मधुमेही माणसाजवळची साखर काढून ठेवू नका. इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांची साखर ७०च्या खाली जाऊ शकते. जेवण टळलं, उपास केला, नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं की हे घडतं. एकादशीला गोळी घेऊन फराळ लांबवणाऱ्या आजी-आजोबांकडे खास लक्ष हवं. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. वयस्कर माणसांत घाम-थरथर न दिसता नुसता गोंधळ दिसतो आणि घरचे त्याला विसरभोळेपणा समजतात. ५४च्या खाली मेंदूचं काम उघडच बिघडू लागतं. असे जोराचे झटके वारंवार आले तर त्यानेही पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. म्हणून साखर फार खाली नेण्याच्या हट्टापायी औषधं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पेढा, बर्फी किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर उशिरा चढते. गोडीची गोळी घातलेला चहा तर अगदीच निरुपयोगी. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असं काही खायला घाला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

आणि औषधांच्या चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का ते आजच बघून ठेवा. ही औषधं आतड्यात साखरेची फोड होऊ देत नाहीत, त्यामुळे अशा माणसाला साखरेचं पाणी दिलं तर ते वेळेवर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोजच द्यावं लागतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोज पावडरच्या १५-१५ ग्रॅमच्या पुड्या करा. एक उशाशी, एक देवघराजवळच्या फडताळात, एक सकाळी फिरायला जाताना खिशात. प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरांत 'ग्लुकोज' असं लिहा, म्हणजे चष्मा नसताना आणि हात थरथरत असतानाही ती सापडेल.